किचनरच्या बर्फावर जळलेला दगड

कॅनडाहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, नायगारा पाहिलास का? पाहिला. फेब्रुवारीत तो कडेनं गोठलेला होता आणि मधून कोसळत होता, आणि मी पाच मिनिटांत गाडीत येऊन बसले, कारण डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठायला लागलं होतं. नायगाऱ्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय, ते वाचा. मी सांगणार आहे ते किचनर नावाच्या गावातल्या एका लांबलचक शेडविषयी. तिथं माझा धाकटा भाऊ नोकरी शोधायला हातात झाडू घेऊन बर्फावर उतरला होता, आणि त्याच्या मागोमाग मीही.

मिसिसागा

हे दोन हजार दहा सालचं. व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं, त्यामुळं घराघरांत टीव्हीवर कुणी ना कुणी बर्फावरून घसरत होतं. माझा भाऊ समीर आर्किटेक्ट. टोरांटोच्या एका फर्ममध्ये कामाला, राहायला शेजारच्या मिसिसागात. त्याची बायको अनघा किचनरच्या सॉफ्टवेअर कंपनीत, रोज तासभर गाडी हाणत जाते आणि तासभर हाणत येते. मुलगी ईशा तिसरीत. तिच्याशी मी मराठीत बोलायचं आणि तिनं मला इंग्रजीत उत्तर द्यायचं असा आमचा करार पहिल्याच दिवशी न बोलता झाला. मी सांगलीत दुकानांची सजावट करते, म्हणजे सराफी पेढ्या, साड्यांची दालनं, झालंच तर एखादं हॉटेल. आपल्या धंद्यातलं तिकडं काय चालतं ते बघू, भावाकडं तीन आठवडे राहू, अशा बेतानं गेले होते.

गेल्यावर पहिल्या दिवशी समीर घरी होता. मला वाटलं, बहीण आलीय म्हणून रजा टाकली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज घरून काम आहे. तिसऱ्या दिवशी फर्मचं नाव छापलेलं जाकीट घालून सकाळी आठला बाहेर पडला, आणि खिडकीतून बघते तर हा दारातला बर्फ फावड्यानं उपसतोय. आदल्या दिवशी पडलेला बर्फ त्यानं संध्याकाळीच काढलेला होता. आता उरलासुरला खरवडत होता. सगळ्या गल्लीत एवढा लख्ख ड्राइव्हवे कुणाचा नव्हता. तो आत आल्यावर मी चहा पुढं ठेवला आणि सरळ विचारलं.

"नोव्हेंबरमध्ये गेली," तो म्हणाला. "ले-ऑफ. आमच्या फ्लोअरवरचे निम्मे गेले. मंदी आहे ना, ताई, कोण बिल्डिंगा बांधतंय?"

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. नोकरी लागली की मी स्वतः सांगेन. तोपर्यंत एक शब्द नाही. शपथ."

आमचे बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. रस्त्यावरून जाताना अजून गटाराचा उतार तपासत जातात. मुलगा कॅनडात उंच इमारती काढतो हे आमच्या कॉलनीत माहीत नसलेला माणूस नसेल. रोज सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, त्यांचा मला फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "समीर गेला का कामाला?" मी "हो" म्हणायची. शेजारी समीर टोस्टला लोणी लावत बसलेला. मग ते म्हणायचे, "त्याला म्हणावं, कधी बापाशी पण बोलावं. साहेब झालाय." फोन ठेवल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो नाही.

फोनवर खोटं बोलणं मला जमून गेलं. पण तीन आठवड्यांनी मी बाबांच्या समोर बसणार होते. समोरासमोर खोटं बोलले की माझे कान लाल होतात, आणि हे बाबांना माझ्या चौथीपासून ठाऊक आहे. तेव्हा समीरची नोकरी मी परतायच्या आत लागायला हवी होती. त्याला ती घरासाठी हवी होती, माणूस म्हणून हवी होती, आणि आता तिला मुदतही पडली होती. त्या घरात जेवताना भांड्याला भांडं लागलं तरी आम्ही दचकत होतो.

तर नोकरी कशी शोधतात याचं समीरनं मला शिक्षण दिलं. तिकडं नोकरी मागायची नसते. मागितली की माणूस बिचकतो. 'एकदा कॉफी घेऊ या' म्हणायचं, कॉफी घ्यायची, हवामानावर बोलायचं, आणि उठताना कार्ड द्यायचं. याला नेटवर्किंग म्हणतात. मी म्हटलं, आपल्याकडं हे सगळं लग्नाच्या पंगतीत उरकतं, मला सराफ कट्ट्यावरची निम्मी कामं जिलबी वाढता वाढता मिळालीत. तो म्हणाला, इथं लग्नाला पन्नास माणसं असतात, आणि त्यात आपल्याला कुणी बोलवत नाही. म्हणून हे लोक हिवाळ्यात खेळांच्या स्पर्धा भरवतात. आर्किटेक्ट, इंटिरियरवाले, फर्निचरवाले, बागा आखणारे असे सगळे संघ करून येतात. कुठं स्की, कुठं हॉकी. किचनरला होती कर्लिंगची. खेळ हे निमित्त. पण मार्गारेट नावाची बाई तिथं दरवर्षी खेळायला येते, आणि किचनरच्या एका मोठ्या फर्ममध्ये माणसं निवडणं तिच्या हातात आहे, ही बातमी पक्की होती. तिच्याकडं एक जागा होती. समीरनं तिला दोनदा मेल केली होती. उत्तर नव्हतं. किचनरला नोकरी म्हणजे अनघाचं रोजचं जाणं-येणं संपणार, घर तिकडंच हलवता येणार. त्यानं मनातल्या मनात बहुधा तिथली शाळासुद्धा बघून ठेवली असावी.

संघ चौघांचा. कप्तान डग, साठीचा फर्निचर बनवणारा. दुसरी फ्लेवी, समीरच्या जुन्या फर्ममधली, मूळची वसईची, घरात आमच्यासारखंच मराठी बोलणारी. तिसरा समीर. चौथी अनघा. स्पर्धेचा नियमच असा की प्रत्येक संघात एकजण कधी न खेळलेला हवा, म्हणजे वातावरण हलकं राहतं. गुरुवारी अनघा आली ती पर्स सोफ्यावर फेकत.

"शनिवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. मला यावंच लागेल म्हणतात." ती समीरकडं बघत नव्हती. "आता मी नाही म्हणू शकत नाही रे."

'नाही' का म्हणू शकत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. घरात पगार आता एकच होता. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी?" मी म्हटलं. "मला फ्रीजमधला बर्फसुद्धा धड काढता येत नाही."

"ताई, तुम्ही डिझायनर आहात आणि कधी खेळला नाहीत," अनघा म्हणाली. "तुमच्याइतकं नियमात बसणारं कुणी नाही."

किचनर, शुक्रवार

हायवे सोडून किचनरकडं वळलो आणि गाडी हातातून गेली. रस्ता काळा, कोरडा दिसत होता. तो कोरडा नव्हता, वर काचेसारखा बर्फ होता. समीरनं ब्रेक लावला नाही, नुसतं स्टिअरिंग धरून ठेवलं, आणि आम्ही अर्धवट आडवे होत रस्त्याच्या कडेच्या बर्फात जाऊन थांबलो. काही झालं नाही. मी गणपतीचं नाव घेतलं, समीरनं कुणाचं घेतलं ते कळलं नाही. तेवढ्यात शेजारून एक काळी घोडागाडी टपटप करत निघून गेली. आत काळी टोपी घातलेला दाढीवाला माणूस, घोड्याच्या नाकातून वाफेचे लोट. त्या भागात असे जुन्या पद्धतीनं राहणारे ख्रिस्ती शेतकरी आहेत, मोटार वापरत नाहीत. त्या माणसानं आमच्याकडं पाहून मान हलवली. आम्ही विंटर टायर लावलेल्या गाडीत बर्फात रुतून बसलो होतो आणि तो घोडा बाजाराला चालला होता.

क्लबात पोचलो तर फ्लेवी दारातच उभी. उंच, मोठ्या हसण्याची बाई. "या ताई, या! किती दिवसांनी कुणी नवीन मराठी माणूस भेटलं. इथं सगळे सेम ओल्ड फेसेस." तिनं मला एक झाडू दिला, डाव्या बुटाखाली घसरणारी पट्टी बांधली आणि बर्फावर उभं केलं. मी लगेच बसले. पुन्हा उभं केलं.

कर्लिंग म्हणजे बर्फावरच्या गोट्याच म्हणा. छोट्या जात्याएवढा गुळगुळीत दगड, वर किटलीसारखा दांडा. तो एका टोकाकडून सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. ज्याचा दगड मध्याच्या सगळ्यांत जवळ, त्याला गुण. दगड चालू लागला की दोघांनी त्याच्या पुढं पुढं धावत झाडूनं बर्फ घासायचा. घासला की दगड लांब आणि सरळ जातो. झाडलोट हा माझा जन्मापासूनचा विषय असल्यामुळं तेवढं खातं माझ्याकडं आलं.

डगनं लांबून दगड सोडला आणि ओरडला, "हरी! हरी!"

मी थांबले. म्हातारा भला दिसत होता, पण एवढा भाविक असेल असं वाटलं नव्हतं. फ्लेवी ओरडली, "थांबू नका ताई, हरी म्हणजे लवकर! घासा!" तोवर दगड अर्ध्यातच बसला होता.

मग तिनं नियम सांगितले. "आणि अंपायर वगैरे नाही हां इथं. चालत्या दगडाला आपला झाडू लागला, शूज लागला, तर आपणच सांगायचं. त्याला बर्न म्हणतात. दगड बर्न झाला."

"म्हणजे जळला?"

"जळला."

"जळला मेला," मी म्हटलं. यावर फ्लेवी एवढी हसली की तीच बर्फावर बसली. "माझी मम्मी असंच बोलते हो, वसईला!"

संध्याकाळी सगळ्यांचं जेवण. जर्मन वळणाचं गाव, त्यामुळं जाड सॉसेज आणि आंबवलेला कोबी. कोबी मला आवडला, मिरची असती तर आणखी आवडला असता. मी सांगलीचं भडंग नेलं होतं, ते डगनं वाडगाभर खाल्लं, डोळे पुसले आणि पुन्हा वाडगा पुढं केला. पण माझं लक्ष समीरकडं होतं. जो तो हातात ग्लास घेऊन फिरत होता आणि प्रत्येकाची सुरुवात तीच: "बिझी?" "क्रेझी बिझी!" समीरही तेच म्हणत होता. अंगात ते जुन्या फर्मचं जाकीट. कुणी विचारलं की फर्मचं नाव सांगायचा, जणू सोमवारी तिथं जाऊन बसणारच आहे. मला ते ऐकवेना. खोटं बोलायची त्याला सवय नाही, बोलताना तो खांदे वर ओढून घेतो, लहानपणी इंजेक्शन घेताना घ्यायचा तसे.

मार्गारेट कोपऱ्यात होती. पन्नाशीची, आखूड पांढरे केस, ठेंगणी, शांत. तिच्याभोवती सारखी माणसं. समीर तिच्या दिशेनं तीनदा गेला आणि तीनदा वाटेतल्या चीजच्या ताटापाशी थांबला.

"जा की," मी म्हटलं.

"लोक आहेत ताई. घुसणं बरं दिसत नाही."

"सांगलीत असतास तर मी तुझा हात धरून नेलं असतं."

"म्हणून तर सांगलीत नाहीये मी," तो म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं, आणि त्यानं मला एक गोड टार्ट आणून दिला. आत गुळाच्या पाकासारखं काहीतरी होतं. मी तो रागारागानं खाल्ला.

मोटेलवर आल्यावर बाबांचा फोन. "समीर कुठं आहे?"

"कामासाठी बाहेरगावी आलोय आम्ही," मी म्हटलं. पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं नाही, तरी कान गरम झाले.

किचनर, शनिवार

सकाळचा पहिला सामना आम्ही जिंकलो. समोर बागा आखणाऱ्यांचा संघ होता आणि ते रात्रीपासून शुद्धीवर आले नव्हते, एवढंच त्याचं कारण. डगनं भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि परत येऊन समीरच्या पाठीवर थाप मारली. दुपारी सेमीफायनलला आमची गाठ मार्गारेटच्या संघाशी होती.

समीरचं तोंड उतरलं. इथली एक पद्धत मला फ्लेवीनं तेव्हाच सांगितली. सामना संपला की दोन्ही संघ एकाच टेबलावर बसतात. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला द्यायचं आणि गप्पा मारायच्या. म्हणजे आता मार्गारेटच्या समोर जाऊन बसायला समीरला कुणाला ढकलावं लागणार नव्हतं. तासाभराची हक्काची बैठक.

"पण हे डगला जिंकायचंय हां," फ्लेवी हळूच म्हणाली. "किती वर्षं झाली, सेमीमध्येच हरतो. आणि तिला समीरबद्दल सांगणारा तोच आहे. त्याचा मूड चांगला पाहिजे."

झालं. म्हणजे जिंकायलाच हवं होतं.

तो सामना मी कधी विसरणार नाही. गुडघे दुखत होते, बोटं बधिर. समीर दगड सोडायला वाकला की त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम दिसायचा. मार्गारेट एक शब्द वायफळ बोलत नव्हती. झाडू टेकवून निशाण दाखवायची आणि तिची माणसं दगड तिथंच आणून ठेवायची. आम्ही मागं पडलो, मग फ्लेवीच्या एका दगडानं त्यांचे दोन उडाले, आणि शेवटच्या फेरीला दोघंही बरोबरीत आलो. त्यांचा एक दगड मध्याजवळ बसलेला. आमचा एकच उरलेला, सामन्यातला शेवटचा, डगचा. तो आत गेला तर आम्ही, नाहीतर ते.

समीर वर्तुळात झाडू टेकवून उभा, निशाण द्यायला. त्याच्या मागं दोन पावलांवर मार्गारेट. डगनं दगड सोडला. फ्लेवी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"हरी!" समीर ओरडला. सबंध दोन दिवसांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "हरी! ताई, घास! घास!"

मी घासत होते. श्वास छातीत मावत नव्हता. दगड वर्तुळाच्या तोंडाशी आला आणि माझा घसरणारा पाय वळला. मी पडले नाही. पण बुटाचं टोक दगडाला लागलं, हलकंच, दाराला लागावं तसं. दगड किंचित बिचकला, पुढं गेला, आणि त्यांच्या दगडाच्या आत, अगदी मध्यावर जाऊन थांबला.

फ्लेवी किंचाळली. पलीकडच्या टोकाला डगनं दोन्ही हात वर केले. काचेमागं बसलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. कुणीही पाहिलं नव्हतं. फ्लेवीची नजर पुढं होती आणि मार्गारेटला समीर आड आला होता. आणि मी काय केलं? मी खाली वाकले, थांबलेल्या दगडाला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

हे मी ठरवून केलं नाही. कुणी पाय लागल्यावर नमस्कार ठरवून करतं का? पुस्तकाला लागला, माणसाला लागला, मोजपट्टीला लागला, हात आपोआप जातो. लोकांना वाटलं, ही भारतातली जिंकण्याची रीत असावी. टाळ्या वाढल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मार्गारेट हसून हात पुढं करत निघाली.

समीर मात्र हसत नव्हता. त्या शेडमध्ये तो नमस्कार वाचता येणारी दोनच माणसं होती, आणि फ्लेवी मागं वळून डगकडं धावत सुटली होती.

"ताई," तो मराठीत म्हणाला, "पाय लागला का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याला पुढं काही न विचारता सोडून देता आलं असतं. मराठीत विचारलं होतं, मराठीतच मिटलं असतं. मार्गारेटचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता.  नोव्हेंबरपासून हा माणूस ज्या हाताची वाट बघत होता तो हात आला होता.

"लागला," मी म्हटलं.

समीरनं श्वास घेतला. त्यानं तो हात हातात घेतला नाही. "वुई बर्न्ड इट," तो म्हणाला. मग काचेमागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "सॉरी. इट्स बर्न्ड."

टाळ्या थांबल्या. डग सगळी लांबी घसरत आला. अशा वेळी काय करायचं ते समोरच्या कप्तानानं, म्हणजे मार्गारेटनं, ठरवायचं असतं. तिला वाटलं तर दगड आहे तिथं राहू देईल, वाटलं तर काढेल. मार्गारेटनं मला विचारलं, किती जोरात लागला? मी चिमूट करून दाखवली. ती उकिडवी बसली, दगडाकडं पाहिलं, तो आला त्या वाटेकडं पाहिलं, पुन्हा दगडाकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, बाई, राहू दे. एवढं खरं बोललाय पोरगा, राहू दे.

ती उठली आणि झाडूनं आमचा दगड हळूच वर्तुळाबाहेर ढकलला. "तो पुढं निघून गेला असता," ती म्हणाली. "गुड गेम."

आम्ही हरलो.

मी डगच्या शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी राहिले. डग माझ्याजवळ आला, हात मिळवला, म्हणाला, होतं असं. समीरला म्हणाला, "थँक्स फॉर कॉलिंग इट," आणि बिअर आणायला निघून गेला. एवढंच. कुणी समीरची पाठ थोपटली नाही, कुणी खरेपणाचं कौतुक केलं नाही. आम्ही बहीणभाऊ एवढं मोठं महाभारत करून उभे, आणि त्या लोकांच्या दृष्टीनं समीरनं दगड जळला हे सांगितलं, बस. सांगायचंच असतं. मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. थोडा वेळ दोन्ही एकदम वाटत राहिलं.

टेबल

पद्धतीप्रमाणे मार्गारेटनं आम्हाला प्यायला मागवलं. मला गरम सफरचंदाचा रस. समीर तिच्या बरोबर समोर. डगनं ओळख करून दिली आणि खुर्चीत मागं रेलला. आता पुढचं समीरच्या हातात होतं. मी टेबलाखाली त्याची बाही धरली होती.

तिनं आधी माझ्या नमस्काराचं विचारलं. समीरनं सांगितलं, पाय लागला की आम्ही माफी मागतो. "दगडाची?" "कशाचीही. कामाच्या वस्तूची तर नक्कीच." तिनं मान हलवली. मग तिची नजर त्याच्या जाकिटावर गेली.

"अजून तिथंच आहेस का? बिझी?"

त्याचे खांदे वर जातायत का ते मी बघत होते. गेले नाहीत.

"नाही," समीर म्हणाला. "नोव्हेंबरमध्ये मला काढलं. तेव्हापासून घरी आहे. तुझ्याकडं जागा आहे म्हणून इथं आलोय. खेळायला नाही आलो."

 कॉफी घेऊ या नाही, हवामान नाही, काही नाही. फ्लेवीनं ग्लासात बघायला सुरुवात केली. मला वाटलं, हे फार झालं, हा संपला.

मार्गारेटनं आपला ग्लास बाजूला सरकवला. "तुझ्या दोन्ही मेल मी वाचल्या," ती म्हणाली. ती हळू, स्पष्ट बोलत होती, म्हणून मलाही सगळं कळलं. "ड्रॉइंग्ज चांगली होती. उत्तर दिलं नाही, कारण काय देणार? गुरुवारपर्यंत जागा होती. गुरुवारी ती गेली. आणि सोमवारी मला माझं टेबल आवरायचंय."

समीरला समजलं नाही. मलाही आधी नाही समजलं.

तिनं खिशातून कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवलं. कोरं करकरीत कार्ड. त्यावर तिचं नाव, फोन नंबर, आणि बाकी काही नाही. फर्म नाही, हुद्दा नाही. "काल संध्याकाळपासून हीच कार्डं वाटतेय," ती म्हणाली.

म्हणजे तिचीही नोकरी गेली होती. चीजच्या ताटापाशी थांबलेला समीर मला आठवला. ज्या बाईपर्यंत पोचायला हा धडपडत होता ती बाई त्या गर्दीत कुणापर्यंत तरी पोचायला धडपडत होती. डगनं घसा साफ केला आणि म्हणाला, त्याच्या वर्कशॉपला ऑक्टोबरपासून ऑर्डर नाही. फ्लेवी म्हणाली, तिनं बेसमेंटमध्ये स्वतःचं ऑफिस काढलंय, म्हणजे रोज तिथं नुसतीच जाऊन बसते. त्या टेबलावर आता कुणीच क्रेझी बिझी नव्हतं.

समीरनं आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक काढलं, त्यावरचं फर्मचं नाव पेनानं खोडलं आणि मार्गारेटला दिलं. तिनं ते नीट वाचलं आणि पाकिटात ठेवलं. दोघांच्याही हातात दुसऱ्याला द्यायला दुसरं काही नव्हतं.

पार्किंग लॉट

बाहेर आलो तेव्हा अंधारलं होतं आणि नाकातला ओलावा लगेच गोठला. समीरनं गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला, आत बसला, हीटर लावला. मी त्याच्याकडं न बघता पट्टा बांधला. रडला तर रडू दे, असं मी ठरवलं होतं. आठवड्यानंतरचं माझं परतीचं विमान दिसत होतं, घराचं दार, दारात बाबा, आणि माझे लाल कान.

"ताई, सांगलीत आता किती वाजले असतील?"

"सकाळचे सहा-साडेसहा. का?"

त्यानं मोबाईल काढला. कॉलिंग कार्डावरचे ते लांबलचक आकडे दाबले, एकदा चुकला, पुन्हा दाबले. मी म्हटलं, "अरे, नोकरी लागल्यावर सांगणार होतास ना?" त्यानं फोन स्पीकरवर टाकून आमच्या दोघांच्या मध्ये धरला.  पलीकडं घंटी वाजत राहिली, आणि ती वाजत असेपर्यंत मला वाटत होतं, त्यांनी उचलू नये.

"हॅलो?"

"बाबा, समीर बोलतोय."

"समीर? अरे, एवढ्या सकाळी? संध्या बरी आहे ना?"

"ताई बरी आहे, इथंच आहे. बाबा, एक सांगायचंय." तो थांबला. "माझी नोकरी गेली. नोव्हेंबरमध्येच गेली. मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि ताईला पण सांगू दिलं नाही. आज एक मिळेल वाटलं होतं. ती पण नाही मिळाली."

 पलीकडून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. 

"नोव्हेंबरपासून?" बाबा म्हणाले.

"हो."

"तेव्हापासून घरीच असतोस?"

"हो, बाबा."

"दिवसभर?"

"हो."

 समीरचा खालचा ओठ मला दिसत होता.

"मग मोकळा होतास की रे," बाबा म्हणाले. "फोन का नाही केलास?"